पांचव्या चाकाचें घर

सामान्यतः मनुष्य घर विकत घेतो तेव्हां तो घराकडे जातो. घर त्याच्याकडे येत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडांत मात्र दरवर्षीं हजारों कुटुंबें याच्या उलट करितात. निजावयाची खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, बैठक, शीतकपाट व थंडीसाठीं भट्टी अशा सर्व सोयींनीं सजलेलें ३०-४० फूट लांबीचें घर तीं विकत घेतात आणि स्वतःच्या ट्रकला जोडून, ओढीत आपल्या गांवीं आणतात. विक्रेता शेजारच्या गांवचा असला तर हें काम अर्ध्या दिवसाचें. परंतु पुष्कळदां तो हजार मैलांवर असतो, आणि मग घर आणण्याच्या या प्रवासास एखाद्या मोहिमेचें स्वरूप येतें.

या घराला तिकडे ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे ‘पांचवें चाक’ असें नांव आहे. गाडीखालीं वांकून पाहिलें तर चाकें चार असोत कीं सहा, ज्याला पांचवें म्हणावें असें चाक कोठेंच सांपडत नाहीं. हें नांव घोडागाडीवरून आलें आहे. चारचाकी घोडागाडीचा पुढचा आंस वळावा म्हणून आंस व गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें एक लोखंडी कडें आडवें बसवीत. जमिनीस कधींच न टेकणारें हें कडें दिसावयास चाकासारखें. म्हणून कारागिरांनीं त्यास पांचवें चाक म्हटलें. पुढें १९१४ सालीं डेट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहारानें एका लांकूड-व्यापाऱ्याची नौका वाहून नेण्यासाठीं फोर्ड मोटारीमागें जोडावयाची दुचाकी गाडी बांधली. तिचा कांहीं भार स्वतःच्या चाकांवर व कांहीं पुढील मोटारीवर पडे, म्हणून ती ‘सेमी-ट्रेलर’ म्हणजे अर्ध-ट्रेलर ठरली. मालवाहू मोटारींत ही युक्ति स्थिर झाल्यावर ती राहावयाच्या गाडीस लागू करणारांत विमानविद्येंतील अग्रणी ग्लेन कर्टिस याची ‘एरोकार’ प्रसिद्ध आहे.

आजच्या निवासगाडीचा पुढचा भाग पक्ष्याच्या चोंचीसारखा ट्रकच्या उघड्या हौद्यावर येतो. त्याच्या तळाशीं दोन इंच जाडीचा पोलादी खुंट असतो. त्यास ‘किंगपिन’ म्हणतात. हा खुंट हौद्यांतील जोडणीच्या जबड्यांत शिरला कीं जबडा मिटतो. ही जोडणी ट्रकच्या मागील आंसाच्या बरोबर वर किंवा किंचित् पुढें असते, आणि तेंच तिचें मर्म होय. शेपटाला जोडलेली गाडी वाऱ्यानें डोलूं लागली कीं पुढच्या मोटारीलाही हेलकावे देते; आंसावर बसलेली गाडी तितकी डोलत नाहीं.

परंतु या सुखाचें मोल ट्रकला द्यावें लागतें. गाडीच्या एकंदर वजनापैकीं सुमारें एक-पंचमांश भार त्या खुंटावरून थेट ट्रकच्या पाठीवर उतरतो. १४,००० पौंडांची गाडी असेल तर हा भार २,८०० पौंड झाला. हलक्या वर्गांतील पुष्कळ ट्रक पाठीवर दीड-दोन हजार पौंडच वाहूं शकतात. त्यांतच माणसें, सामान व खुद्द जोडणीचें लोखंड आलें. जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा असतो तो ओढण्याचा. वाहण्याचा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लहानशा चिठ्ठीवर असतो, आणि ती चिठ्ठी वाचावयास फार थोडे लोक वांकतात. बैलगाडी हाकणाऱ्यास हा भेद समजावून द्यावा लागला नसता. बैल किती ओढील हें एक, आणि त्याच्या मानेवर जूं किती बसेल हें दुसरें.

या गाड्यांचें माहेरघर इंडियाना राज्याच्या उत्तरेस असलेला एल्खार्ट परगणा. अमेरिकेंत होणाऱ्या निवासगाड्यांपैकीं शेंकडा ८० च्या आसपास गाड्या त्याच प्रदेशांत तयार होतात. तेथें व शेजारच्या लाग्रेंज परगण्यांत आमिश पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. हे लोक मोटार बाळगीत नाहींत. घोड्याच्या गाडींतून फिरतात. तरी त्यांच्यांतील पुष्कळ पुरुष पहांटे उठून निवासगाड्यांच्या कारखान्यांत कामास जातात. मूळचें पांचवें चाक ज्यांच्या घोडागाडींत अजून फिरत आहे, त्यांच्याच हातून हीं नवीं पांचवीं चाकें घडावीं, ही गंमत खरी. पुष्कळ कारखान्यांत मजुरी नगावर मिळते. त्यामुळें हात झपाट्यानें चालतात. आणि झपाट्यानें चालणाऱ्या हातून एखादा स्क्रू तिरपा बसला किंवा नळाचा सांधा सैल राहिला तर त्यांत नवल नाहीं.

हा धंदा भरती-ओहोटीचा आहे. २००९ सालीं मंदींत एल्खार्टकडील बेकारी शेंकडा २० च्या घरांत गेली होती. पुढें साथीच्या काळांत लोकांना हॉटेलें व विमानें नकोशीं झालीं, तेव्हां २०२१ सालीं सर्व प्रकारच्या मिळून सुमारें ६ लक्ष निवासगाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. आणि २०२३ सालीं ती संख्या ३ लक्षांच्या थोडी वर इतकी उतरली. माल अंगणांत सांचला कीं विक्रेते किंमत उतरवितात. कारखाने बहुधा गिऱ्हाइकास थेट विकीत नाहींत. पण कारखान्याजवळच्या विक्रेत्यास गाडी दूर ओढून नेण्याचा खर्च पडत नाहीं. अशा वेळीं दूरच्या विक्रेत्यानें सांगितलेली किंमत व गांवच्या विक्रेत्याची किंमत यांतील अंतर पाहून मनुष्य मोहिमेस निघतो.

कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं राहणारें एक निवृत्त जोडपें कल्पावें. तेथून एल्खार्ट सुमारें ११०० मैल. ट्रक रिकामा, रस्ता रुंद. दोन दिवसांत तीं तेथें पोंचतात. जुनी गाडी विकून झालेली आहे, बँकेनें कर्ज मंजूर केलें आहे, विम्याचे कागद तयार आहेत, आणि नातवंडांना उन्हाळ्याचा बेत सांगून झाला आहे. विक्रेत्याच्या अंगणांत तें नवें घर धुऊन-पुसून उभें असतें. दार उघडतांच नव्या लांकडाचा व गालिच्याचा वास येतो. विक्रेत्याचा माणूस मोठ्या हौसेनें दिवे लावून दाखवितो, भिंतीवरची कळ दाबून सरकती खोली बाहेर काढतो, आणि तासाभरानें म्हणतो, “आतां आपण आंत बसून सह्या करूं या.”

येथें या खरेदीचा खरा कस लागतो. गांवच्या दुकानांत वस्तु सदोष दिसली तर मनुष्य “उद्यां येतों” म्हणून सहज उठतो. ११०० मैल आलेल्या मनुष्यास तें “उद्यां येतों” म्हणतां येत नाहीं. अंतर हें विक्रेत्याचें न बोलणारें वकील असतें. विक्रेता अप्रामाणिक असलाच पाहिजे असें नाहीं. गिऱ्हाइकाचा थकवाच त्याचें काम करितो. आणि एकदां सही झाली, बँकेचा पैसा पोंचला, म्हणजे तक्रार करणारा तोच असला तरी त्या तक्रारीचें वजन तें राहत नाहीं.

म्हणून जाणतीं माणसें सहीपूर्वीं गाडींत राहून पाहण्याची अट आगाऊ लेखी ठरवून येतात. आपल्या जोडप्यानेंही विक्रेत्याच्याच आवारांत दोन रात्री मागून घेतल्या आहेत. नवरा छतावर चढून सांध्यांवरील लेप पाहतो, टायरांच्या बाजूवरील चार आंकडी खूण वाचतो; पहिले दोन आंकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात, आणि नव्या गाडीला जुने टायर बसविलेले असण्याचा संभव असतो. बायको आंत सर्व नळ सोडते, मोरीखालचें कपाट उघडून कोरडा कागद पसरते, शेगडी पेटविते, भट्टी व शीतकपाट रात्रभर चालूं ठेवते. हें सर्व उन्हाळ्यांत ठीक. ऐन हिंवाळ्यांत इंडियानांत पाणी गोठतें, म्हणून नळांत न गोठणारें द्रव्य भरून ठेवलेलें असतें, आणि पाण्याची परीक्षा बहुधा होतच नाहीं. तेव्हां जानेवारींत स्वस्त मिळालेली गाडी एप्रिलमध्यें गळूं लागते.

सकाळीं मोरीखालचा कागद भिजलेला असतो. सरकत्या खोलीच्या कडेची रबराची पट्टी एका कोंपऱ्यांत फाटलेली निघते. कपाटाचें एक दार बसत नाहीं. विक्रेत्याचा माणूस अदबीनें सुचवितो कीं, या किरकोळ गोष्टी. सही करून निघावें, हमीच्या मुदतींत डेन्व्हरचा कोणीही विक्रेता त्या दुरुस्त करील. ही सूचना ऐकावयास रास्त वाटते. हमी कारखान्याची असते व बहुधा एक वर्षाची. परंतु ज्याच्याकडून गाडी घेतली नाहीं असा गांवचा विक्रेता आपल्या गिऱ्हाइकांचें काम आधीं करितो, आणि उन्हाळ्याच्या गर्दींत परक्या गाडीची पाळी महिनोन्‌महिने येत नाहीं. कोणी ती गाडी घेण्यासच नकार देतो. किंमतींत जें वांचतें त्यांतला मोठा वांटा या शेजारच्या हाताचा असतो, हें तोंपर्यंत हिशेबांत धरलेलें नसतें.

नवरा थोडा डळमळतो. त्याला रस्ता दिसत असतो. बायको वही मिटून म्हणते, “पट्टी बसेपर्यंत सही नाहीं.” नळाचा सांधा पंधरा मिनिटांत आवळला जातो. पट्टी कारखान्यांतून यावयाची. कारखाना वीस मैलांवर असल्यामुळें ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं येते. डेन्व्हरला तिची वाट किती दिवस पाहावी लागली असती याचा विचार वाटेंत दोघांनाही करावयास भरपूर वेळ मिळेल. कपाटाचें दार राहूनच जातें. तें तारखेसह लिहून विक्रेत्याची सही घेतली जाते.

मग जोडणी. ट्रकची मागील फळी पाडून तो सरळ मागें न्यावयाचा. ट्रेलरचा तळ जोडणीच्या पाटीपेक्षां किंचित् खालीं असावा, म्हणजे ट्रक आंत शिरतांना त्यास अल्पसा उचलून घेतो. खुंट उंच राहिला तर तो जबड्यांत न बसतां वरच टेकतो, बाहेरून जोडणी झालीशी दिसते, आणि ट्रक पुढें निघतांच सगळें घर हौद्याच्या कडेवर कोसळतें. म्हणून जबडा मिटला हें डोळ्यांनीं पाहून, ट्रेलरचे पाय जमिनीवर असतांच त्याचे ब्रेक दाबून ट्रक हलकेच पुढें ओढून पाहतात. विजेचा प्लग व गाडी सुटल्यास ब्रेक लावणारी तार लावल्यावरच पाय वर घेतात.

पहिले मैल सावकाशीचे. नव्या चाकांचे नट १०, २५ व ५० मैलांवर पुन्हां टॉर्क-पान्यानें आवळावे असा दंडक आहे, कारण नवें चाक आपल्या जागीं बसतांना नट सैल पडतात. वळणावर ट्रेलरचीं चाकें आंतल्या बाजूनें येतात, म्हणून ट्रक रुंद वळवावा लागतो. घराची उंची १३ फुटांच्या आसपास. तेव्हां आडरस्त्यावरचा प्रत्येक पूल शंकेनें पाहिला पाहिजे. उत्तर कॅरोलिना राज्यांतील डरहॅम येथें ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वे-पूल ट्रकांचीं छपरें सोलण्याविषयीं इतका प्रसिद्ध झाला कीं, २०१९ सालीं तो ८ इंच उचलावा लागला. तरीही छपरें सोललीं जातच राहिलीं. सुदैवानें परतीचा मार्ग ८० क्रमांकाचा महामार्ग आहे. इलिनॉइस, मग मिसिसिपी नदी, मग आयोवा. वॉलकॉट येथें जगांतील सर्वांत मोठा ट्रकथांबा म्हणवणारी जागा आहे. तेथें शेंकडों मालमोटारींच्या शेजारीं हें नवें घर लहान मुलासारखें दिसतें. नेब्रास्कांत वारा समोरून येतो, डिझेल भराभर उतरतें, आणि रस्ता सपाट भासत असतांच समुद्रसपाटीपासून सुमारें एक मैल उंचीच्या डेन्व्हरकडे अखंड चढत असतो.

चौथ्या दिवशीं दुपारीं तीं घरीं पोंचतात. प्रथम चाकांखालीं पाचरी, मग पाय खालीं, मग प्लग व तार, शेवटीं जबड्याची मूठ. मागील फळी पाडली आहे ना, हें बायको दोनदां पाहते, आणि ट्रक हळूच पुढें सरकतो. आंत गेल्यावर कपाटाचें तें दार उघडें पडलेलें असतें आणि दोन पेले जमिनीवर असतात. ती वही काढून विक्रेत्यास दूरध्वनि करण्याची तारीख लिहून ठेवते.