गव्हाण रिकामी ठेवा



नाताळ जवळ आला,
की वसईच्या ख्रिस्ती घरांत गोठा सजू लागतो.
गवत, मेंढ्या, मेंढपाळ.

ही रीत जुनी आहे.
१२२३ साली, इटलीतल्या ग्रेचो गावात,
असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गव्हाण मांडली.
खरं गवत. खरा बैल. खरं गाढव.
येशूचा जन्म लोकांना डोळ्यांनी दिसावा, म्हणून.

लहान मुलांनाही तेच हवं असतं.
लांबलचक प्रवचन त्यांना पेलत नाही.
त्यांच्या हाताला काम द्या.

गोठा मांडा, पण गव्हाण रिकामी ठेवा.
मुलानं धाकट्या भावाला खेळणं दिलं?
गवताची एक काडी गव्हाणीत.
आजीला पाणी आणून दिलं?
आणखी एक काडी.
असं बाळ येशूचं अंथरूण तयार होतं.
काड्या मोजून बक्षीस मात्र देऊ नका.
ही येशूला दिलेली भेट आहे,
आणि मुलांना ते छान कळतं.

नाताळाआधीच्या आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती वाढवा.
छोटी प्रार्थना मुलांनाच म्हणू द्या, त्यांच्या शब्दांत.

२४ तारखेच्या रात्रीपर्यंत,
गव्हाणीत फक्त गवतच राहू द्या.
चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर,
घरातल्या सगळ्यात लहानग्याच्या हातून
बाळ येशूची मूर्ती तिथे ठेवा.

आणि सकाळी शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट जाईल,
तेव्हा तेही मुलांच्याच हाती द्या.