पक्के घर कोणते?



सरकारी दप्तरात घरांचे दोन वर्ग असतात : कच्चे आणि पक्के. माती, न भाजलेली वीट, बांबू, गवत यांच्या भिंती कच्च्या. भाजलेली वीट, सिमेंट, काँक्रीट यांच्या भिंती पक्क्या. वरवर पाहता ही निव्वळ शिरगणतीची सोय आहे. परंतु अनुदान कोणत्या बांधणीला मिळावे, कर्ज कशावर मिळावे, कोणत्या कारागिराला काम मिळावे, हे सारे या दोन शब्दांच्या आधारे ठरत जाते. कारखान्यातून आले ते टिकाऊ आणि गावच्या सुताराने, गवंड्याने घडवले ते तात्पुरते, असा एक समज या वर्गवारीच्या पोटात दडलेला आहे. भूकंपाने हा समज अनेकदा पारखून पाहिला आहे. त्या पारखीचा निकाल ध्यानात घेण्याजोगा आहे.

हिमाचल प्रदेशात, कुलूपासून किन्नौरपर्यंत, 'काठ-कुणी' नावाची बांधणी आढळते. काठ म्हणजे काष्ठ, कुणी म्हणजे कोन. देवदाराच्या तुळया जोडीजोडीने आडव्या ठेवायच्या, मधली पोकळी दगडांनी भरायची, वर दगडांचा थर, त्यावर पुन्हा तुळया; आणि भिंतीच्या कोपऱ्यांवर या तुळया एकमेकींत गुंतवायच्या. सिमेंट नाही, चुनाही नाही. तळमजल्यावर गुरे, वर माणसे, माथ्यावर स्लेटच्या दगडाचे जड छप्पर. जमीन हलली की दगड एकमेकांवर किंचित सरकतात, त्या घर्षणात धक्क्याचा जोर जिरतो. लाकूड ताण सोसते आणि छपराचे वजन सारे सांधे दाबून धरते. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे वीस हजार माणसे मेली. कुलू खोऱ्यातील नग्गरचा या पद्धतीने बांधलेला जुना राजवाडा मात्र त्यातून वाचला आणि आजही उभा आहे.

काश्मीरची 'धज्जी-देवारी' हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगते. धज्जी म्हणजे कापडाची चिंधी. लाकडाच्या बारीक चौकटी, त्यांत तिरक्या पट्ट्या आणि त्या खणांत माती-दगडांची किंवा विटांची भर, अशी ही ठिगळांची भिंत. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरमध्ये आणि लगतच्या प्रदेशात सत्तर हजारांहून अधिक लोक दगावले. काँक्रीटच्या शाळा मुलांसकट कोसळल्या. पुनर्बांधणीच्या सरकारी आराखड्यात धज्जीला सुरुवातीस स्थान नव्हते. डोंगरातल्या लोकांनी आपल्या समजुतीने ती बांधायला घेतली. अभियंत्यांनी ती तपासली. आणि मग सरकारने तिला मान्यता दिली. अनुभव आधी आणि शिक्का मागाहून, हा क्रम नोंद घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा फार महाग पडला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या घरात माणसे गाडली गेली. दगड आणि माती यांनीच माणसे मारली, असा निष्कर्ष तेव्हा सर्रास निघाला. तो अर्धाच खरा आहे. मराठवाड्यातील घर 'खणां'वर मोजले जाई. छप्पर लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असे. काही ठिकाणी भिंती ढासळूनही हा सांगाडा उभा राहिला. घात केला तो माळवदावरच्या मातीच्या जाड थराने आणि बेढब दगडांच्या रुंद भिंतींनी. त्या भिंतींच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नव्हते, कोपऱ्यांना बांध नव्हता, खांब-तुळयांचा भिंतीशी मेळ नव्हता. बावन्न गावांचे स्थलांतर झाले, काँक्रीटची घरे आली. पण उरलेल्या जुन्या घरांच्या बळकटीसाठी जे उपाय सुचवले गेले ते साधेच होते : माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार ठोका. म्हणजे उणीव सामग्रीत नव्हती. कसब विरत गेले होते. लाकूड दुर्मिळ झाले, चांगल्या कारागिराची मजुरी परवडेना, आणि गरिबाने उरलेसुरले रचून घर उभे केले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. लाकूड कोणाचे? कुलूमध्ये अँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८६ च्या वन-व्यवस्थेत गावकऱ्यांना घरासाठी नाममात्र दराने देवदार तोडण्याचा हक्क नोंदवून दिला. मूळचा वहिवाटीचा हक्क अशा रीतीने सरकारी मेहेरबानी झाला. पुढे लोकसंख्या वाढली, त्या हक्काचा गैरवापरही झाला, न्यायालयीन निर्बंध आले आणि २०१३ साली राज्याने नवे नियम केले. देवदार वाढायला कित्येक दशके लागतात. तेव्हा निर्बंध नकोत असे कोणी म्हणणार नाही. परंतु जंगलाची राखण आणि जंगलाचा वापर हे दोन्ही ग्रामसभेच्या हाती असले तर काय घडते, याचे उदाहरण गडचिरोलीतील मेंढा-लेखाने घातले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून या गावाने २०११ मध्ये आपला बांबू आपल्याच परवान्याने विकला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मातीचे घर गरिबाला नको असते. सारवणाचे कष्ट बाईच्या पाठीवर पडतात, वाळवी लागते, छप्पर गळते. लाकडाला आगीचे भय आहे. २००८ च्या जानेवारीत मलाण्यातील घरांची मोठी राख झाली. शिवाय गरिबाच्या मुलाला स्लॅबखाली राहणे ही प्रतिष्ठा वाटते, आणि त्याच वेळी शहरातला धनिक सुट्टीसाठी मातीचे घर हौसेने बांधतो. गरिबाला त्याच्या जुन्या घरात कोंडून ठेवण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण आज त्याच्यापुढे निवडच नाही. सिमेंटच्या उत्पादनातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वायू बाहेर पडतो. आणि बेताच्या सिमेंटची, अपुऱ्या लोखंडाची चौकट भूकंपात काठ-कुणीहून किती तरी घातक ठरते. पक्के म्हणून दिलेले घर अशा वेळी नावापुरतेच पक्के असते.

२०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत सपाटीवर एक लाख वीस हजार आणि डोंगराळ भागात एक लाख तीस हजार रुपयांचे साहाय्य ठरले. प्रदेशोप्रदेशीच्या घरांचे नमुनेही पुस्तकरूपाने निघाले. परंतु पुस्तकाने सुतार तयार होत नाही. त्यासाठी तालुक्याच्या औद्योगिक शाळेत सांधेजोडणी शिकवली गेली पाहिजे, कारागिरांच्या सहकारी संस्थांना कामे दिली पाहिजेत, बांबू आणि लाकूड यांच्या लागवडीवर ग्रामसभेचा ताबा हवा, आणि स्थानिक बांधणीची कसून तपासणी करून तिला अनुदानाचा पूर्ण हक्क मिळाला पाहिजे.

घर पक्के की कच्चे, हे भिंतीच्या रंगावरून ठरत नाही. ज्या घराची दुरुस्ती त्यात राहणाऱ्यांना करता येते, ज्याची सामग्री त्यांच्या हक्काची असते आणि जे रात्री अंगावर कोसळत नाही, ते घर पक्के. सरकारी दप्तरातली व्याख्या बदलायची तर ती या तीन कसोट्यांवर बदलली पाहिजे. आणि ती बदलून घेण्याचे काम ज्यांना त्या घरांत राहायचे आहे त्यांच्या संघटित मागणीखेरीज होणार नाही.