उत्सवाची वार्ता कोणाच्या वहीत?



दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीस आरंभ होते, हे लहान मुलासही ठाऊक असते. ती पंचमी कोणत्या तारखेस येते, हे मात्र दरवर्षी नव्याने कळवावे लागते. मंदिराच्या दारातील फळ्यावर लिहिलेली सूचना लोह्यापुरती पुरते. लातूरला दिलेली लेक आणि पुण्यात स्थिरावलेला मुलगा यांना ती भ्रमणध्वनीवरील संदेशातूनच मिळते. त्या संदेशात पुष्कळदा सालच नसते. गतवर्षीची पत्रिका यंदा पुन्हा फिरते आणि सूर्यास्तापूर्वी भोजनास पोहोचावे म्हणून लवकर निघालेले कुटुंब चुकीच्या दिवशी दारी उभे राहते. विहारातील साधूंचा मुक्काम तर ऐनवेळी बदलतो. त्याची जुनी वार्ता अधिकच घातक.

मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सोय आहे, पण वही त्यांची असते. भारतात घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि त्यावर जमलेली मंडळेही विखुरली. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्रीत शतकानुशतके जपली गेली, परंतु त्यांचे दर्शन घडे, अध्ययन घडत नसे. प्रती बाहेर आल्या, तेव्हाच डॉ. हिरालाल जैन यांना १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध करता आला. ज्याची प्रत करता येते, तेच सर्वांचे होते.

मुक्त सॉफ्टवेअरचे तत्त्व हेच आहे. ते कोणीही वापरावे, तपासावे, बदलावे, त्याची प्रत दुसऱ्यास द्यावी. शास्त्रदान जाणणाऱ्या समाजास हे परके वाटू नये. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या संस्थेने २०२० मध्ये कार्यक्रमांच्या सूचनांसाठी मोबिलिझॉन प्रसिद्ध केले. त्यात संयोजकांनी मुभा दिल्यास खाते न उघडताही उपस्थिती कळवता येते. नांदेडच्या संस्थेने आपल्या सर्व्हरवर केलेली नोंद लोह्याच्या पानावर दिसू शकते. वही मात्र ज्याची त्याच्याकडे राहते. पुढे २०२४ मध्ये फ्रामासॉफ्टने ही जबाबदारी कायहुरी या दुसऱ्या संस्थेकडे सोपवली, तरी काम थांबले नाही. इटलीतील गांचो हे त्याहून साधे आहे.

अडचण पैशाची फारशी नाही. सर्व्हरचे भाडे एखाद्या महाप्रसादाच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल. नियमित नोंद करणारा माणूस मिळणे कठीण. तिथी, तारीख, साल, स्थळ आणि भोजनाची वेळ एवढ्या पाच गोष्टी त्याने न चुकता भराव्यात आणि बेत बदलताच नोंद दुरुस्त करावी. नांदेड, लातूर आणि लोहा येथील विश्वस्तांनी एकत्र येऊन येत्या चातुर्मासापुरता हा प्रयोग करून पाहावा. महाविद्यालयात संगणक शिकणारी समाजाची मुले-मुली यात हौसेने उतरतील. मंदिरातील फळा मात्र कोणी काढू नये. आजीबाई तोच वाचतात.