फायलींतील शब्दांचा शोध



दप्तरातील एक नोंद हवी असली, तर कारकुनास गाठोड्यामागून गाठोडे सोडावे लागे. संगणकातील फायलींत हे काम ‘ग्रेप’ ही आज्ञा करते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ती रचली. १९७३ साली ती युनिक्स प्रणालीत आली. ‘एड’ या तेथील संपादन-साधनाच्या स्मृतीत मोठा मजकूर मावत नसे. ग्रेप एकेक ओळ वाचते व जुळेल तेवढीच दाखविते.

आज्ञेपुढे हवा तो शब्द व फायलीचे नाव लिहावे. उणे चिन्हासह ‘आर’ हे अक्षर जोडल्यास आतील सारे कप्पे धुंडाळले जातात. ‘एन’ने ओळीचा क्रमांक मिळतो.

मराठीत मात्र एक मेख आहे. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठविता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे, ग्रेपला निराळे. शिवाय कोणी ‘कराड’ असेही लिहितो. एकाच रूपाने शोधून अर्जदारास ‘नोंद नाही’ असे कळविणे हा त्याच्यावर अन्यायच होय. यंत्राने फक्त तो अक्षरक्रम नाही, एवढेच सांगितलेले असते. म्हणून प्रत्येक रूपाआधी उणे चिन्हासह ‘ई’ लिहून सर्व रूपे एकाच आज्ञेत द्यावीत.

जुन्या नोंदवह्यांची नुसती छायाचित्रे ठेवलेली असतील, तर त्यांतील एक अक्षरही ग्रेपला दिसत नाही. तेथे वहीच उघडावी लागते.