मधली वर्षे



 संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. संकट आले म्हणजे त्यात देवाचा हेतू काय असतो, तो कोणी सांगायचा आणि केव्हा सांगायचा, हा तो प्रश्न. मराठी ख्रिस्ती साहित्याचे बळ आणि त्याचे दुबळेपण, दोन्ही मला इथेच दिसतात.

आपल्याकडे साक्ष देण्याची परंपरा आहे. प्रार्थनासभेत एखादी बाई उठते, मुलाचे आजारपण सांगते, नवऱ्याचे जाणे सांगते, प्रभूने कसे सांभाळले ते सांगते आणि खाली बसते. व्याकरण न शिकलेल्या माणसांनी भर सभेत स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलावे, ही केवढी मोठी गोष्ट आपल्या मंडळ्यांनी घडवली! पण छापलेल्या साक्षी वाचताना मला एक उणीव सतत जाणवते. पहिल्या परिच्छेदात घाला पडतो आणि दुसऱ्यात उपकारस्तुती सुरू होते. मधली वर्षे गळून जातात. प्रार्थनेला बसवत नव्हते, बायबल उघडवत नव्हते, मंडळीत जाऊन मागच्या बाकावर नुसते बसून यावे लागत होते, ती वर्षे कुणी लिहीत नाही.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या मधल्या वर्षांनीच भरलेले आहे. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. व्रते केली होती, दानधर्म केला होता, तीर्थे पालथी घातली होती. अन्न मिळाले नाही. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचले. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि 1882 साली पटकीने तेही गेले. कडेवर लेक मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला राहत असताना सोबत आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण ऐकू कमी येऊ लागले आणि तो मार्गही बंद झाला. त्या शिक्षणशास्त्राकडे वळल्या, अमेरिकेत गेल्या आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

यातल्या कोणत्याही वळणावर त्यांना थांबवून कुणी म्हटले असते, ‘ताई, यात देवाची योजना आहे’, तर ते बोलणे क्रूर ठरले असते. पुढे 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिथल्या उपाशी मुलींची बातमी आली तेव्हा रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली आणि त्या निघाल्या. अन्न-अन्न करीत रस्त्याने चालणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. शेकडो मुली त्यांनी आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. पुढे तिथे अंध बायकांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगवेगळी घरे झाली. आईवडिलांचा दुष्काळ आणि हा दुष्काळ यांच्यात जवळजवळ वीस वर्षे आहेत. एका दुष्काळाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे रमाबाईंनी स्वतः सांगितले. सांगण्याचा अधिकार त्यांचाच होता.

पवित्र शास्त्रातला योसेफ घ्या. उत्पत्तीच्या पुस्तकाने त्याचे वय नोंदवून ठेवले आहे. भावांच्या द्वेषाची आणि त्यांनी त्याला विकल्याची कथा सुरू होते तेव्हा तो 17 वर्षांचा, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. त्यानंतर सुकाळाची सात वर्षे गेली, दुष्काळाची दोन गेली, आणि मग मिसरात धान्यासाठी आलेल्या भावांना त्याने सांगितले की जीव वाचवायला देवानेच मला पुढे पाठवले. म्हणजे बावीस वर्षे. तेही मोठ्याने रडून झाल्यावर. आता कल्पना करा, हेच वाक्य भावांनी उच्चारले असते तर? ‘तुला विकले ते बरेच झाले, देवाच्या मनात तेच होते.’ शब्द जवळजवळ तेच, पण विकणाऱ्याच्या तोंडी ते निर्लज्जपणाचे झाले असते. माझे सगळे म्हणणे या एका फरकात आहे. दुःखातला हेतू दुःख भोगणाऱ्याच्या तोंडी साक्ष असतो. बघणाऱ्याच्या तोंडी तो बहुधा आरोप होतो.

ईयोबाच्या मित्रांचे हेच झाले. अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते मित्र होते. बोलू लागले आणि त्यांनी त्याच्या पापाचा शोध सुरू केला. ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावर आहे. तक्रार करणाऱ्या, देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबाला मात्र देव आपला सेवक म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही तोच प्रश्न केला: पाप कोणाचे, याचे की आईबापाचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, देवाचे कार्य या माणसात दिसायचे आहे असे सांगितले, आणि लगेच खाली वाकून चिखल केला. हेतूविषयी बोलण्याचा हक्क ज्याला पूर्ण होता, त्याने बोलता बोलता हातही मातीत घातला. आपल्या सांत्वनाच्या भेटींत ही दुसरी गोष्ट किती असते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. करोनाच्या काळात दफनाला चार माणसे जमत नव्हती. त्या घरांत नंतर गेलेल्या कित्येकांनी ‘देव परीक्षा पाहतो’ एवढेच सांगितले आणि चहा घेऊन निघाले. त्या घरांत मूल बसले होते, ज्याची फी भरायची होती.

आणखी एक विषय, ज्यावर आपण फारसे मोकळेपणाने बोलत नाही. नगर, जालना या भागांतल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांचा ख्रिस्ती इतिहास एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांशी जोडलेला आहे. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आपल्या आज्यांनी ऐकला आणि मान खाली घालून सोसला. मला त्यात खाली मान घालण्यासारखे काही दिसत नाही. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांना दुष्काळात कोणी भाकरी दिली, कोणी अक्षर शिकवले, आणि त्या हातांच्या मागे त्यांनी देव ओळखला, तर ती ओळख खोटी कशी? पाच हजारांना प्रभूनेही जेवू घातले होते. पण म्हणून ‘दुष्काळ देवाने आपल्यासाठीच धाडला’ असेही मी म्हणणार नाही. त्याच दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यांच्या मरणावर माझ्या विश्वासाचा इमला मला उभारायचा नाही.

लक्ष्मीबाई टिळकांकडून आपण हा संयम शिकायला हवा. 1895 साली त्यांचे पती टिळक यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांचा संसार मोडून पडला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात ती वर्षे जशीच्या तशी आहेत: राग, अपमान, आजारपण, मुलाची काळजी आणि मध्येच फुटणारे हसू. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. मागची वर्षे पुसून टाकण्याची सोय त्यांच्याकडे होती, पण त्यांनी ती वापरली नाही. विश्वास आल्यावर अविश्वासाचे दिवस प्रामाणिकपणे लिहिणे, याहून मोठी साक्ष मराठीत मला ठाऊक नाही. पुस्तक ख्रिस्ती घरांबाहेर सगळ्या महाराष्ट्राने आपले मानले, त्यामागे हेही कारण आहे.

आपल्या उपासनेतही विलापाला जागा हवी. स्तोत्रसंहितेतले 88वे स्तोत्र आरंभी देवाला तारणारा म्हणते खरे, पण शेवटी अंधारातच थांबते. आभार नाहीत, सुटका नाही. ते स्तोत्र शास्त्रात ठेवले गेले आहे. प्रभूने गेथशेमानेत मागितले ते मिळाले नाही, पौलाने तीनदा विनवले तरी शरीरातला काटा निघाला नाही. पुनरुत्थानावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच उत्तम शुक्रवार आणि रविवार यांच्यामधला शनिवार गाळण्याची मला गरज वाटत नाही. हेतू असतो असे मी मानतो. तो माझ्या सोयीच्या वेळी, माझ्या लेखाच्या शेवटच्या ओळीत हजर होईलच, असे मी मानत नाही.

1921 साली रमाबाईंची लेक मनोरमा गेली. आईच्या मागे मुक्तीचे काम ती पाहील, हा आधारच तुटला. रमाबाई वयाने थकलेल्या, कानांनी जवळजवळ बंद. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत बायबल आणण्याचे त्यांचे काम तेव्हाही चालू होते, आणि खिळे जुळवायला मुक्तीच्याच मुली होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. लेकीच्या मृत्यूचा अर्थ त्यांना कळला की नाही, हे कुणी सांगू नये. त्यांनी मुद्रिते तपासली, एवढे आपल्याला माहीत आहे.

म्हणून लेखक मित्रांना माझी विनंती आहे. शेवट सापडला नसेल तरी लिहा. संपादकांनी असे लेखन ‘विश्वासात कमी’ म्हणून परत पाठवू नये. ‘ज्ञानोदय’ हे आपले नियतकालिक 1842पासून चालत आले आहे. आजच्या मंडळ्यांतल्या माणसांची मधली वर्षे छापायला त्याच्यासारखी जागा आपल्याला मिळणार नाही. पाळकांनी दफनविधीच्या प्रवचनात हेतू सांगण्याची घाई करू नये. आणि तरुणांनो, घरी परतल्यावर आजी-आजोबांसमोर वही घेऊन बसा. दुष्काळ, प्लेग, टोमणे, सोडलेले गाव, न मिळालेली उत्तरे, सगळे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. त्यात तुमच्या पदरची शिकवण घालू नका. पुढच्या संमेलनात कवितावाचनाआधी या वह्यांच्या वाचनासाठी एक पूर्ण सत्र ठेवावे, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने आपल्यापुढे मांडतो.