भिंतीवरचे चित्र आणि त्यामागचे नाव

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



डहाणू-तलासरीच्या परिसरात वारली कुटुंबात लग्न ठरले, की घराच्या भिंतीवर चौक लिहिला जातो. वारली माणूस चित्र ‘काढतो’ असे म्हणत नाही, ‘लिहितो’ असे म्हणतो. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिला गेरूचा रंग द्यायचा आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढऱ्या रेघा ओढायच्या. बांबूची बारीक काडी टोकाशी चावून केलेला कुंचला एवढेच साधन. हा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. धवलेरी विधीची गाणी गाते आणि चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी अवतरते. लग्न पार पडले की चित्राचे कार्य संपते. पुढे ते पुसट होते, नव्या सारवणाखाली जाते, आणि त्याची कोणाला खंत वाटत नाही.

या चित्राखाली कोणी आपले नाव घालीत नसे. तशी गरजही नव्हती. चौक कोणाच्या हातचा आहे, तो का लिहिला आहे आणि त्यातील देवी कोणती, हे पाड्यातील लहान मुलालाही ठाऊक असे. प्रश्न उभा राहतो तो चित्र पाडा सोडून बाहेर पडते तेव्हा. कलादालन असो, संग्रहालय असो किंवा अलीकडचे संगणकाचे आणि मोबाइलचे माध्यम असो, तेथे चित्र पोहोचते; परंतु त्यासोबत त्याचे नाव, गाव आणि कारण पोहोचतेच असे नाही. कलाकृतींच्या प्रदर्शनाचा विचार करताना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

पाड्यावरून पॅरिसपर्यंत

१९७० नंतरच्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले. भिंतीवरचे चित्र त्यामुळे प्रथमच उचलून नेता येण्याजोगे झाले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी या कागदावर लग्नविधीपलीकडचे जग रेखाटण्यास आरंभ केला. शेती, मासेमारीचे जाळे, तारप्याचा नाच, मुंग्यांचे वारूळ असे विषय त्यात आले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९८९ साली पॅरिसमधील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची कला मांडली गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत वारली चित्रकला जगभर परिचित झालेली होती.

या प्रवासाने पुष्कळ लाभ झाला हे निर्विवाद आहे. काही दिवस टिकणारे चित्र वर्षानुवर्षे टिकू लागले. अनेक कुटुंबांना उपजीविकेचे साधन लाभले. आपली कला मोलाची आहे हा आत्मविश्वास समाजात आला. तथापि या लाभासोबत हानीही झाली. गाण्यापासून चौक तुटला. ज्या सुवासिनींच्या हातून ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. पुढे तर चहाच्या पेल्यापासून कार्यालयांच्या कुंपणभिंतीपर्यंत वारली आकृत्या दिसू लागल्या, आणि त्या कोणी काढल्या हे विचारण्याचीही आवश्यकता कोणाला वाटेनाशी झाली.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. ही मोठी गोष्ट होय. परंतु तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. या नोंदणीने कलेच्या नावाला आणि तिच्या प्रदेशाशी असलेल्या नात्याला संरक्षण मिळते. अमुक एका भिंतीवरील अमुक चित्र कोणाचे, हे ती नोंदणी सांगत नाही. ते प्रदर्शन भरविणाऱ्यानेच सांगावे लागते.

संग्रहालयाचा कणा: नोंदवही

संग्रहालय म्हणजे सुंदर वस्तूंनी भरलेली कपाटे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक संग्रहालयाचा कणा म्हणजे त्याची नोंदवही. वस्तू कोठून आली, कोणी दिली, कोणी घडविली, कोणत्या कामासाठी घडविली आणि येताना तिची स्थिती कशी होती, एवढ्या गोष्टी जिच्याबद्दल लिहून ठेवलेल्या नाहीत ती वस्तू मुकी होते. मग तिच्याविषयी कोणी काहीही सांगावे आणि इतरांनी ते मान्य करावे, अशी अवस्था येते.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, भांडी अशा घरगुती वस्तू दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हजारो वस्तूंच्या अशा संग्रहातील थोडाच भाग एका वेळी मांडता येतो. जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांची स्थिती हीच आहे. उरलेला संग्रह भांडारात राहतो. त्यात केवळ जागेची अडचण नसते. कागद, कापड आणि जलरंग यांना उजेडही बाधतो. म्हणून अशा वस्तूंवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये आणि त्या आळीपाळीने विश्रांतीसाठी आत न्याव्यात, असा संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे.

येथे संगणकाचे माध्यम खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने संग्रहालयांतील वस्तूंची नोंद ठेवण्यासाठी एक संगणकप्रणाली विकसित केली आणि तिला ‘जतन’ हे समर्पक नाव दिले. तिच्या साहाय्याने केंद्र शासनाच्या संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे व माहिती जनतेला घरबसल्या पाहता येऊ लागली. त्यांत मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय यांचाही समावेश आहे. जी वस्तू भांडाराच्या अंधारात असणेच तिच्या हिताचे, ती अशा रीतीने दुर्गम गावातील शाळेतही पाहता येते. मात्र लक्षात घ्यावे, की या प्रणालीचे बळ छायाचित्रात नसून छायाचित्राशेजारील माहितीत आहे.

कला गावात येऊ शकते

चित्र गावातून शहरात जाते, तद्वत शहरातील कलेने गावात यावे, हा विचारही महाराष्ट्राला नवा नाही. सातारा जिल्ह्यातील औंध हे एक लहानसे संस्थान. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी यमाई देवीच्या डोंगरावर १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांची चित्रे तेथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे पाषाणशिल्पही आहे. ज्या काळी मोठ्या शहरांतही कलादालने दुर्मिळ होती, त्या काळी डोंगर चढून आलेल्या शेतकऱ्याला जागतिक कीर्तीची कलाकृती पाहता यावी अशी व्यवस्था औंधात झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले, त्यामागील भूमिकाही हीच. ज्यांना संग्रहालयापर्यंत जाणे शक्य नाही त्यांच्यापर्यंत संग्रहालयाने जावे.

कायदा काय सांगतो

कलाकाराचे नाव देणे हा केवळ सौजन्याचा भाग आहे अशी समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५७ निर्मात्याला दोन विशेष अधिकार देते. कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार हा पहिला. कृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल तर त्यास हरकत घेण्याचा अधिकार हा दुसरा. मोबदला देऊन चित्र विकत घेतले, त्यावरील इतर हक्कही घेतले, तरी हे दोन अधिकार निर्मात्याकडेच राहतात. चित्र मांडलेच पाहिजे अशी सक्ती हे कलम करीत नाही. पण त्याची विटंबना झाली तर ते गप्प बसत नाही.

शासकीय अधिकाऱ्यांनी एक निवाडा विशेषत्वाने लक्षात ठेवावा. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प होते. १९७९ साली इमारतीच्या नूतनीकरणात ते काढून भांडारात टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली. सेहगल यांनी १९९२ साली दावा लावला. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करावेत आणि ५ लाख रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. शिल्प शासनाच्या मालकीचे होते, भिंत शासनाची होती, तरीही शिल्पकाराचा अधिकार शिल्लक होता.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे

मोठे निधी आणि मोठ्या इमारती यांची वाट न पाहता काही कामे आजही करता येतील.

पहिले काम नोंदीचे. गावात चित्र लिहिणाऱ्या, गोधडी शिवणाऱ्या, मूर्ती घडविणाऱ्या, चित्रकथीची पोथी सांभाळणाऱ्या व्यक्तींची एक वही शाळेने ठेवावी. नाव, पाडा किंवा वाडी, कला कोणाकडून शिकली आणि ती कोणत्या प्रसंगी केली जाते, एवढे लिहिले तरी पुरे. वृद्ध स्त्रियांपासून आरंभ करावा. त्या गेल्या की त्यांच्यासोबत गाणीही जातात.

दुसरे काम पाटीचे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चित्र काढून घेतले, तर त्याच भिंतीवर चित्रकाराचे नाव, गाव व वर्ष स्पष्ट अक्षरांत लिहावे. उद्‌घाटन करणाऱ्या पाहुण्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात आणि चित्र काढणारीचे नाव खडूनेही लिहिले जात नाही, हे चित्र बदलले पाहिजे. भिंतीला पुन्हा चुना देण्यापूर्वी तिला विचारावे आणि छायाचित्र घेऊन ठेवावे.

तिसरे काम संमतीचे. काही चित्रे देवाची असतात, काही केवळ घरच्यांसाठी असतात. ती सर्वांसमोर मांडावीत की नाही, हे ज्यांचे चित्र त्यांनी ठरवावे. मोबदला किती आणि कसा हेही आधीच ठरवून लिहून ठेवावे.

चौथे काम मोबाइलसंबंधी. चित्राचे छायाचित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याची कडा बहुधा कापली जाते, आणि नाव नेमके कडेलाच असते. म्हणून नाव छायाचित्राच्या मजकुरातही लिहावे. विद्यार्थ्यांना ही सवय लहानपणीच लागली, तर पुढे त्यांना कायदा शिकवावा लागणार नाही.

कला मांडणे आणि वाटणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु दुसऱ्याचे वाटताना देणाऱ्याचे नाव घ्यावे, ही आपल्या गावाची जुनी रीत आहे. पाड्यातील भिंतीवर नावाची गरज नव्हती, कारण तेथे माणसे एकमेकांना ओळखत होती. आज तेच चित्र अनोळखी माणसांपुढे उभे राहते. ओळख करून देण्याचे काम आता ते मांडणाऱ्याचे आहे. एका शाळेने एका आजीचे नाव एका चित्राखाली लिहिले, तरी त्या गावापुरते संग्रहालय सुरू झाले असे समजावे.