बांबू, टोपली आणि सूप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभे राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, तेव्हा व्याकरणावर मी बोलावे हे पुष्कळांना नवल वाटेल. पण आपल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी मुलांचा जो वर्ग चालतो, त्यात मी जे शिकवले आणि त्याहून जास्त जे शिकले, तेवढेच आज सांगणार आहे.

गेल्या पावसाळ्यात एक आई आपल्या सहावीतल्या मुलीला घेऊन आली. माणसे गडचिरोलीकडची, घरात गोंडी बोलणारी. आई म्हणाली, "बाई, इच्या डोस्क्यात काहीच सिरत नाही. इचा बाप म्हणते, आता घरी बसव." मुलीची वही पाहिली. 'ती पुस्तक', 'माझी घर', 'मोठी झाड' आणि प्रत्येक ओळीवर लाल रेघ. मुलगी खाली मान घालून बसलेली.

मी तिच्या आईला विचारले, "तुमच्या बोलीत 'ती बाई' आणि 'ते घर' वेगळे म्हणता का?" ती म्हणाली, "नाही. बाप्याले एक, बाकी साऱ्याले एक." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोंडीत लिंगे दोनच. पुरुषमाणूस एका बाजूला. बायका, जनावरे, वस्तू सगळ्या दुसऱ्या बाजूला. म्हणजे ही पोर चुकत नव्हती, आपल्या घरचा नियम इमानाने मराठीत पाळत होती. तिला मठ्ठ म्हणणारे आपण मात्र तिच्या घरचे व्याकरण कधी विचारलेच नव्हते.

आता तिला तिसरे लिंग द्यायचे कसे? पुस्तक म्हणते, निर्जीव वस्तूंचे लिंग रूढीने ठरते. हे वाक्य पाठ करून पोराच्या हाती काय लागणार? मी घरातून तीन वस्तू नेल्या: बांबूचा तुकडा, टोपली आणि सूप. म्हटले, "बघ, तिन्ही एकाच बांबूची. पण तो बांबू, ती टोपली, ते सूप. का, ते विचारू नको. मराठीची तशी रीत आहे." मग वहीत तिने तीन चित्रे काढली आणि रोज दहा शब्द त्यांच्याखाली मांडू लागली. धूर बांबूखाली, चूल टोपलीत, भांडे सुपात. कुठला शब्द कुठे, हे चित्र सांगत नाही, ते ऐकूनच कळते. पण एकदा ऐकलेले ठेवायला जागा मिळते. आठवणीच्या खुणेचे काम एवढेच.

माझी एक फजितीही सांगते. सुरुवातीला मला वाटले, चालीवर म्हणून घेतले की वाचन येते. 'क ला काना का' म्हणत सगळा वर्ग दणाणून सोडला. एक मुलगा तर सबंध धडा घडाघडा वाचायचा. एके दिवशी सहज जवळ गेले, तर त्याच्यापुढे पान भलतेच उघडलेले! पोराने कानाने धडा पाठ केला होता, डोळ्याला अक्षर ठाऊक नव्हते. त्या रात्री मला जेवण गेले नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती.

मग जुन्या लग्नपत्रिका कापून अक्षरांचे तुकडे केले. अ आ इ पासून न धरता ग, म, भ, न पासून धरले, कारण त्यांची वळणे सोपी. चार अक्षरांत पहिल्याच दिवशी मन, मग, नग, गगन, नमन असे शब्द जुळतात. तुकडे उलटसुलट मांडायचे, म्हणजे पाठांतराला वाव उरत नाही.

पहिल्या वेलांटीशी पोरे फार अडखळत. ती लिहिताना अक्षराच्या पुढे येते, पण उच्चारताना मागून. मी म्हटले, "ही तुमच्या आईसारखी. वाढायला सगळ्यांच्या पुढे, जेवायला सगळ्यांच्या शेवटी." पोरे हसली आणि खूण कायमची बसली. भगिनींनो, तुम्हीही हसलात, पण त्यातले खरे तुम्हाला ठाऊक आहे.

ह्रस्व-दीर्घाचे तसेच. फूल, पण फुलाला. वीट, पण विटेला. शुद्धलेखनाचे जे नियम १९६२ साली ठरले, त्यांत हा आहे. मी मुलांना मोळीची खूण दिली. डोक्यावर ओझे नसले की माणूस ताठ चालतो, मोळी घेतली की मान दबते. शब्दावर प्रत्ययाचे ओझे आले की त्याचा दीर्घ स्वर दबून ह्रस्व होतो. त्यावर त्याच मुलीने विचारले, "मग 'गीताला' का दबत नाही?" मी विचारून आले, तेव्हा कळले की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ताठच राहतात. आपल्या मूल गावाचेही नाव दबत नाही. म्हणून आता आमच्या वर्गात सगळे म्हणतात, "मुलाला मूलला नेले!"

आणखी एक विनंती. आपल्या झाडीबोलीत पाण्याला पानी आणि डोळ्याला डोरा म्हणतात. पोर तसे वाचते, तेव्हा अर्थ त्याला कळलेला असतो. लहानपणी याच 'पानी'वरून सबंध वर्ग मला हसला होता. त्यानंतर मी मोठ्याने वाचणेच सोडले, आणि पुढे शाळाही सुटली. म्हणून मी वर्गात सांगते, "घरी पानी, वहीत पाणी, दोन्ही आपलेच."

ही वाट मी शोधली असे नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे शिक्षणाचे साहित्य. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आपल्याकडे हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी लोकांची माडिया बोली शिकून घ्यावी लागली. मोठ्या माणसांनीही आधी ऐकले, मग सांगितले.

ती मुलगी आता कशी आहे, असे तुम्ही विचाराल. चमत्कार झालेला नाही. गणित अजून अडते. पण मागच्या महिन्यात तिने वडिलांना रेशनकार्डावरची नावे एकेक करून वाचून दाखवली. वडील काही बोलले नाहीत. जून महिन्यात त्यांनी स्वतः येऊन तिचे नाव सातवीत घातले.

सातवीलाच माझी शाळा सुटली. तिची तिथे सुटू नये, एवढी माझी इच्छा आहे. आपल्यापैकी ज्यांना लिहिता-वाचता येते, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर वर्गावर यावे. फार विद्या लागत नाही. घरातले सूप-टोपली आणावी आणि शिकवण्याआधी मुलाला विचारावे, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?"